पहिल्या फेरीत डिफेन्सिव्ह टॅकल घ्यावा का?

प्रश्न थोडक्यात असा आहे : एनएफएल या अमेरिकन फुटबॉलच्या व्यावसायिक लीगमधील एखाद्या संघाच्या वाट्याला ड्राफ्टमध्ये, म्हणजे महाविद्यालयांतून येणारे खेळाडू संघांनी क्रमाने निवडण्याच्या वार्षिक फेऱ्यांत, पहिल्या दहातली निवड आली आहे, क्वार्टरबॅकचा, म्हणजे पास टाकणाऱ्या खेळाडूचा, प्रश्न सुटलेला आहे, पण बचाव दुबळा आहे; अशा वेळी एज रशर (कडेने क्वार्टरबॅकवर चालून जाणारा), रिसीव्हर (पास घेणारा) किंवा कॉर्नरबॅक (रिसीव्हरला रोखणारा) बाजूला ठेवून बचाव फळीच्या मध्यभागी खेळणारा डिफेन्सिव्ह टॅकल इतक्या लवकर घेणे शहाणपणाचे ठरते का? अमेरिकेत शालेय आणि महाविद्यालयीन पातळीवर बचाव फळीला शिकवण्यात माझी उमेदीची वर्षे गेली आहेत, त्यामुळे या जागेविषयी माझा थोडा पक्षपात आहे हे आधीच सांगून ठेवतो. माझे उत्तर होकारार्थी आहे, पण त्याला एक अट आहे आणि ती मी कधीही सैल करणार नाही : तो खेळाडू समोरचा संघ पास टाकणार हे उघड असतानाही मैदानावर राहण्याच्या लायकीचा हवा. फक्त धावणाऱ्याला अडवणारा धिप्पाड माणूस हवा असेल, तर तो तिसऱ्या-चौथ्या फेरीत मिळतो आणि तिथेच घ्यावा.

ज्यांनी हा खेळ नुकताच पाहायला सुरुवात केली आहे त्यांच्यासाठी जागेची ओळख करून देतो. आक्रमणाच्या फळीत मध्ये सेंटर, त्याच्या दोन बाजूंना दोन गार्ड आणि त्यांच्या बाहेर दोन टॅकल अशी पाच माणसे असतात. त्यांच्यासमोर, सेंटर आणि गार्ड यांच्या टप्प्यात, बचावाकडून जो हात टेकून बसतो तो डिफेन्सिव्ह टॅकल. तो थेट सेंटरच्या समोर असला तर त्याला नोज टॅकल म्हणतात. गार्डच्या बाहेरच्या खांद्यावर उभा राहिला तर त्या जागेला थ्री टेक्निक म्हणतात. पहिल्याचे मुख्य काम जागा धरून ठेवण्याचे असते आणि दुसऱ्याचे फट फोडून आत शिरण्याचे. जो माणूस ही दोन्ही कामे करू शकतो, त्याच्याविषयी हे उत्तर आहे.

सर्वांत महत्त्वाचे कारण मैदानाच्या मोजमापात आहे. क्वार्टरबॅक पास टाकण्यासाठी मागे सरकतो तेव्हा तो चेंडूच्या मूळ जागेपासून साधारण सात-आठ यार्ड मागे उभा असतो आणि त्याच्याभोवती त्याच्या फळीने राखलेली जी मोकळी जागा असते तिला पॉकेट म्हणतात. कडेने येणाऱ्या एज रशरला समोरच्या टॅकलला वळसा घालून, कमानीसारख्या वाटेने यावे लागते. ही वाट लांब असते, आणि क्वार्टरबॅकला शाळेपासून शिकवलेले असते की कडेचा दाब जाणवला की एक-दोन पावले पुढे सरकायचे, म्हणजे तो रशर पाठीमागून निघून जातो. मधून येणारा टॅकल नेमकी ही पुढे सरकण्याची जागाच काढून घेतो. त्याची वाट सरळ आणि आखूड असते, तो क्वार्टरबॅकच्या डोळ्यांसमोर येतो, आणि मग क्वार्टरबॅकला मागे किंवा बाजूला पळावे लागते, जिथे कडेचे दोघे आधीच पोहोचत असतात. आजच्या एनएफएलमध्ये चेंडू हातात आल्यापासून पास सुटेपर्यंतचा काळ सरासरीने अडीच ते पावणेतीन सेकंदांचा असतो. एवढ्या वेळात उत्तम एज रशरही अनेकदा वळसा पूर्ण करत असतो. गार्डला पहिल्या पावलात चुकवणारा टॅकल मात्र तोवर पोहोचलेला असतो. पोहोचला नाही तरी त्याचे वर उचललेले हात पासच्या वाटेत येतात. २०२० च्या फेब्रुवारीत झालेल्या ५४ व्या सुपर बोलमध्ये, म्हणजे लीगच्या अंतिम सामन्यात, कॅन्सस सिटीचा टॅकल ख्रिस जोन्स याने एकही सॅक केला नव्हता, म्हणजे पास सुटण्याआधी क्वार्टरबॅकला एकदाही पाडले नव्हते, पण सॅन फ्रान्सिस्कोचे पास हातांनी अडवून त्याने सामन्याच्या अखेरच्या पाव भागातील चित्र बदलण्यास मोठा हातभार लावला होता.

दुसरे कारण संख्येचे आहे, आणि टीव्हीवर सामना पाहताना ते सहसा दिसत नाही. चार जण चालून आले आणि अडवायला पाच जण असले तर आक्रमणाकडे एक माणूस शिल्लक राहतो. तो कोणाच्या वाट्याला द्यायचा, हे आक्रमणाला दर चालीआधी ठरवावे लागते. एज रशर फार भारी असला तर टाइट एंड (फळीच्या कडेला उभा राहून पासही घेणारा) किंवा रनिंग बॅक (चेंडू घेऊन धावणारा) जाता जाता त्याला धक्का देऊन पास घ्यायला पुढे निघून जाऊ शकतो. ही मदत स्वस्त असते. मधल्या टॅकलविरुद्ध अशी उसनी मदत मिळत नाही. तिथे सेंटरलाच वळावे लागते, आणि सेंटर एका बाजूला वळला की दुसऱ्या बाजूचा गार्ड एकटा पडतो. म्हणजे एक माणूस समोरच्या संपूर्ण फळीची दिशा ठरवतो. सामन्याच्या आदल्या आठवड्यात समोरचे प्रशिक्षक त्याच्यासाठी जी आखणी करतात ती आकडेवारीत कुठेच नोंदली जात नाही, पण शेजारच्या तिघांच्या सॅकच्या रकान्यात तिचे फळ दिसते.

याचे अलीकडचे सर्वांत स्पष्ट उदाहरण म्हणजे फेब्रुवारी २०२५ मधला ५९ वा सुपर बोल. फिलाडेल्फियाने कॅन्सस सिटीला ४०-२२ असे हरवले, मध्यंतरालाच २४-० अशी आघाडी घेतली, त्यांचा क्वार्टरबॅक पॅट्रिक महोम्स याला सहा वेळा सॅक केले, आणि हे सर्व एकदाही ब्लिट्झ न पाठवता, म्हणजे चारांपेक्षा जास्त माणसे न धाडता. उरलेले सात जण पास अडवायला मागे मोकळे राहिले. त्या सामन्यात फिलाडेल्फियाचा टॅकल जेलन कार्टर याच्या नावावर एकही सॅक नाही. पण त्याच्यावर वारंवार दोन-दोन माणसे खर्च होत होती, आणि त्याच्या शेजारी एकास एक झुंजणाऱ्या मिल्टन विल्यम्सने दोन सॅक केले, तर कडेच्या जॉश स्वेटने अडीच. आणखी एक बारकावा सांगण्यासारखा आहे. कॅन्सस सिटीने आक्रमणाच्या फळीतला डावा टॅकल कमकुवत पडतो म्हणून आपला सर्वोत्तम गार्ड जो थुनी याला हंगामाच्या उत्तरार्धात बाहेर त्या जागी हलवले होते. कडेची गळती बुजली, पण आतली भिंत पातळ झाली, आणि ज्या संघाची मधली फळी लीगमध्ये सर्वांत भरीव होती त्याच संघाशी गाठ पडली.

ही फळी योगायोगाने उभी राहिली नव्हती. फिलाडेल्फियाने २०१२ मध्ये फ्लेचर कॉक्सला १२ व्या क्रमांकावर घेतले आणि त्याच्या जोरावर ५२ वा सुपर बोल जिंकला. तो उताराला लागण्याआधीच २०२२ मध्ये वर सरकून १३ व्या क्रमांकावर जॉर्डन डेव्हिसला आणि २०२३ मध्ये पुन्हा एक पायरी वर जाऊन ९ व्या क्रमांकावर कार्टरला घेतले. विल्यम्स तिसऱ्या फेरीतला. पहिल्या फेरीतला माणूस असला की तिसऱ्या फेरीतल्या माणसाची किंमत कशी वाढते, हे विल्यम्सला त्या सुपर बोलनंतर न्यू इंग्लंडने दिलेल्या चार वर्षांच्या १०.४ कोटी डॉलरच्या करारावरून दिसते.

धाव अडवण्याच्या बाजूने पाहिले तर आजच्या खेळात टॅकलचे ओझे कमी झालेले नाही, उलट वाढले आहे. लांब पास रोखण्यासाठी बहुतेक संघ दोन सेफ्टी (सर्वांत मागचे बचावपटू) मागे ठेवतात आणि निम्म्याहून अधिक चालींत एक लाइनबॅकर (फळीच्या लगेच मागे उभा राहणारा) काढून पास अडवणारा पाचवा बचावपटू मैदानात आणतात. त्यामुळे पुढच्या पेटीत, म्हणजे फळीलगतच्या जागेत, माणसे कमी उरतात, आणि समोरच्याने चेंडू घेऊन धावायचे ठरवले तर मधल्या दोघांना आपापल्या फटीखेरीज शेजारच्या फटीचेही थोडे उत्तरदायित्व घ्यावे लागते. हे ज्याला जमते तो मागच्या सेफ्टीला मागेच राहू देतो. ज्याला जमत नाही त्याच्यासाठी सेफ्टी खाली बोलवावा लागतो, आणि मग डोक्यावरून पास जातात. कॅरोलायनाने २०२० मध्ये ७ व्या क्रमांकावर घेतलेल्या डेरिक ब्राउनने २०२३ मध्ये १०३ टॅकल केले, म्हणजे चेंडू घेतलेल्या खेळाडूला इतक्या वेळा पाडले, जे या जागेसाठी अचाट आहे. २०२४ च्या पहिल्याच सामन्यात तो गुडघ्याच्या दुखापतीने बाहेर गेला आणि त्या हंगामात कॅरोलायनाने दर सामन्याला धावेवर सुमारे १८० यार्ड आणि हंगामात एकूण ५३४ गुण दिले. एका हंगामात दिलेल्या गुणांचा तो लीगमधला विक्रम ठरला. सगळा दोष एका गैरहजेरीवर टाकणे अन्यायाचे होईल, कारण त्याच संघाने एज रशर ब्रायन बर्न्सला त्याआधी दुसऱ्या संघाला दिले होते आणि लाइनबॅकर शॅक थॉम्पसनही लवकरच जायबंदी झाला. तरीही त्या हंगामाच्या चित्रफिती पाहिल्या की भगदाड नेमके कुठून पडत होते ते कळायला प्रशिक्षक असावे लागत नाही.

आता लवकर घेण्याचा मुद्दा. असा माणूस नंतर विकत का घेता येत नाही? एक तर त्यांची पैदासच कमी आहे. सव्वाशे ते दीडशे किलो वजनाचा, पण पहिल्या दहा यार्डांत रनिंग बॅकच्या तोडीने हलणारा तरुण कोणत्याही वर्षी मोजका एखाद-दुसरा असतो, काही वर्षी एकही नसतो. रिसीव्हर आणि कॉर्नरबॅक दरवर्षी दुसऱ्या-तिसऱ्या फेरीपर्यंत मिळत राहतात, कारण त्या अंगकाठीची मुले महाविद्यालयांतून शेकड्यांनी येतात. दुसरे म्हणजे ज्या संघाकडे असा टॅकल असतो तो त्याला सोडत नाही, आणि सोडलाच तर त्यामागे वय, दुखापत किंवा करारातील अडचण असते. वॉशिंग्टनने २००९ मध्ये अल्बर्ट हेन्सवर्थला १० कोटी डॉलरच्या घरातला करार देऊन जे मिळवले ते आजही खुल्या बाजारातील खरेदीविरुद्धचा पहिला पुरावा म्हणून दाखवले जाते.

उलट ड्राफ्टमधील किंमत ठरलेली असते. २०११ च्या कामगार करारापासून नवोदितांचे वेतन निवडीच्या क्रमांकाला बांधलेले आहे, पहिल्या फेरीतल्यांना चार वर्षांचा करार मिळतो आणि पाचव्या वर्षाचा पर्याय संघाच्या हाती असतो. २०२५ मध्ये क्लीव्हलँडने ५ व्या क्रमांकावर घेतलेल्या मेसन ग्रॅहमचा चार वर्षांचा करार सुमारे चार कोटी डॉलरचा आहे, म्हणजे वर्षाला एक कोटी. ख्रिस जोन्सचा २०२४ चा करार वर्षाला तीन कोटींहून अधिक पडतो. निवड बरोबर निघाली तर चार-पाच वर्षे दोन कोटी डॉलरची बचत दरवर्षी दुसऱ्या जागांवर वापरता येते. २०११ पूर्वी हे गणित वेगळे होते. डेट्रॉइटने २०१० मध्ये २ ऱ्या क्रमांकावर घेतलेल्या एन्डामुकाँग सू याचा पहिलाच करार इतका जड होता की पुढे तोच संघाच्या गळ्याशी आला.

डेट्रॉइटची ती हकिगत मला नेहमी बोधप्रद वाटते. २०१४ मध्ये सू कराराच्या शेवटच्या वर्षात होता. त्याच वर्षीच्या ड्राफ्टमध्ये डेट्रॉइटची पाळी १० व्या क्रमांकावर आली तेव्हा पिट्सबर्ग विद्यापीठाचा ॲरन डोनाल्ड उपलब्ध होता, आणि त्यांनी टाइट एंड एरिक एब्रनला घेतले. त्या हंगामात धाव अडवण्यात डेट्रॉइट लीगमध्ये पहिले आले, सामन्याला जेमतेम ६९ यार्ड देऊन, आणि ११ सामने जिंकले. हंगाम संपल्यावर सू याला फ्रँचाइज टॅगने, म्हणजे ठरावीक मोठे वेतन देऊन आणखी एक वर्ष राखण्याच्या हक्काने, रोखायचे तर आधीच्या जड करारामुळे एका वर्षाला जवळपास २.७ कोटी डॉलर मोजावे लागले असते. ते झेपले नाही, आणि तो सहा वर्षांच्या ११.४ कोटी डॉलरच्या करारावर मायामीला गेला. जोडीदार निक फेअर्लीही निघून गेला. पुढच्या हंगामात विजय सातवर आले. ज्याने सू याची जागा घेतली असती तो माणूस तीन क्रमांकांनंतर सेंट लुइसच्या रॅम्सकडे गेला होता.

रॅम्सचीही गोष्ट साधी नाही, कारण त्यांनीसुद्धा डोनाल्डला पहिल्या पसंतीने घेतले नव्हते. वॉशिंग्टनशी केलेल्या जुन्या सौद्यातून त्यांच्याकडे २ ऱ्या क्रमांकाची निवड होती आणि तिथे त्यांनी आक्रमणाच्या फळीतला टॅकल ग्रेग रॉबिन्सन घेतला, जो तीन हंगामांनंतर सहाव्या फेरीतल्या एका निवडीच्या बदल्यात दुसरीकडे गेला. १३ व्या क्रमांकाचा डोनाल्ड दहा हंगाम खेळला, दहाही वेळा प्रो बोल या वार्षिक सन्मानासाठी निवडला गेला, तीनदा वर्षातील सर्वोत्तम बचावपटू ठरला, २०१८ मध्ये त्याने २०.५ सॅक केले आणि १११ सॅकवर तो २०२४ मध्ये निवृत्त झाला. फेब्रुवारी २०२२ मधल्या ५६ व्या सुपर बोलच्या शेवटच्या मिनिटातील दोन चाली मी प्रत्येक नव्या तुकडीला दाखवतो. चेंडू स्वतःकडे राखायला सिनसिनाटीला चारपैकी उरलेल्या दोन प्रयत्नांत एक यार्ड हवा होता. तिसऱ्या प्रयत्नात त्यांनी चेंडू घेऊन धाव घेतली आणि डोनाल्डने धावणाऱ्याला जागेवर धरले. चौथ्या प्रयत्नात त्यांनी पास टाकायचे ठरवले आणि डोनाल्डने आत शिरून क्वार्टरबॅक जो बरो याला गरगर फिरवले. चेंडू कसाबसा सुटला आणि जमिनीवर पडला. लागोपाठ दोन चाली, एक धावेची आणि एक पासची, आणि दोन्हींसाठी मैदानावर तोच माणूस. लवकर घेण्याच्या लायकीचा टॅकल म्हणजे काय, याची याहून चांगली व्याख्या मला करता येणार नाही.

मग पहिल्या बारा संघांनी त्याला का सोडले? कारण तो सहा फुटांहून जेमतेम पाऊण इंच उंच आणि १२९ किलोचा होता, आणि निवड करणाऱ्यांच्या मनातल्या साच्यापेक्षा लहान भरत होता. महाविद्यालयातील शेवटच्या वर्षात त्याने त्या जागेसाठीचे जवळजवळ सर्व राष्ट्रीय पुरस्कार मिळवले होते, ४० यार्डांची धाव ४.६८ सेकंदांत पूर्ण केली होती, तरी शंका उंचीची. वॉरन सॅप १९९५ मध्ये १२ व्या क्रमांकापर्यंत घसरला तो मैदानाबाहेरच्या चर्चांमुळे. त्याच्याभोवती टँपा बेने जो बचाव उभारला त्याने जानेवारी २००३ मध्ये सुपर बोल जिंकला. जेफ्री सिमन्स २०१९ मध्ये १९ व्या क्रमांकापर्यंत थांबला, कारण ड्राफ्टच्या काही आठवडे आधी त्याच्या गुडघ्याचा अस्थिबंध तुटला होता. यातून मी एक निष्कर्ष काढतो : डिफेन्सिव्ह टॅकलच्या बाबतीत संघ दोष शोधायला फार उत्सुक असतात, आणि त्यातले बरेच दोष खेळाशी संबंधित नसतात. कमी उंची हा या जागेवर दोष नाहीच, किंबहुना अनेकदा गुण आहे. आपल्याकडे तालमीत वस्ताद जे सांगतात, की ज्याची कंबर समोरच्याच्या कंबरेखाली गेली त्याने अर्धी कुस्ती मारली, तेच इथे अक्षरशः लागू पडते. म्हणूनच इथले फळीचे प्रशिक्षक शाळेच्या कुस्तीच्या संघात मुले शोधत हिंडतात.

अपयशाची उदाहरणे लपवण्यात अर्थ नाही, आणि ती थोडीही नाहीत. २००३ च्या ड्राफ्टमध्ये न्यूयॉर्क जेट्सने पहिल्या फेरीतल्या दोन निवडी देऊन ४ थ्या क्रमांकावर ड्वेन रॉबर्टसन घेतला, आणि न्यू ऑर्लीन्सनेही तसाच दोन निवडींचा सौदा करून ६ व्या क्रमांकावर जोनाथन सुलिव्हन घेतला. दोघांपैकी कोणीही त्या किमतीला पुरून उरला नाही. गंमत अशी की त्याच वर्षी मिनेसोटाला ७ व्या क्रमांकावर ठरलेल्या वेळेत नाव देता आले नाही, दोन संघ पुढे निघून गेले, आणि मग ९ व्या क्रमांकावर त्यांनी जो केविन विल्यम्स घेतला तो त्या वर्षीचा सर्वांत चांगला टॅकल निघाला. २०१६ मध्ये ७ व्या क्रमांकावर घेतलेला डीफॉरेस्ट बकनर सॅन फ्रान्सिस्कोने २०२० मध्ये इंडियानापोलिसला १३ व्या निवडीच्या बदल्यात दिला, कारण त्याला चार वर्षांचे ८.४ कोटी डॉलर द्यायची त्यांची तयारी नव्हती. एक पायरी खाली सरकून त्यांनी त्याच जागेसाठी जॅव्हन किनलॉ घेतला. किनलॉचा गुडघा त्याला साथ देईना, बकनर इंडियानापोलिसमध्ये पहिल्याच वर्षी ऑल-प्रो, म्हणजे लीगच्या त्या वर्षीच्या सर्वोत्तम संघात निवडला गेला, आणि २०२३ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोने जॅव्हन हारग्रेव्हला नेमके चार वर्षांचे ८.४ कोटी डॉलर दिले. तो संघ त्यानंतरही बलाढ्य राहिला, हे मान्य करायला हवे. पण हिशेब चुकला तो चुकलाच. सिद्ध झालेला टॅकल देऊन तसाच दुसरा ड्राफ्टमधून उगवेल अशी अपेक्षा कोणी करू नये.

मग ओळखायचा कसा? इथे मी जरा रेंगाळतो, कारण बहुतेक चुका निवडीच्या क्रमांकात होत नाहीत, पारखण्यात होतात. महाविद्यालयातील सॅकचा आकडा मी सर्वांत शेवटी पाहतो. त्यातले कित्येक सॅक क्वार्टरबॅकने पाच सेकंद चेंडू धरल्यामुळे किंवा समोर कच्चा गार्ड असल्यामुळे मिळालेले असतात. मी पाहतो ते पहिले पाऊल : चेंडू हलताक्षणी तो हलतो की शेजाऱ्याला पाहून हलतो. त्यानंतर हात. गार्डचे हात छातीवर बसण्याआधी हा त्यांना झटकतो का, आणि पहिला डाव फसला तर लगेच दुसरा काढतो का, की तिथेच छातीला छाती लावून ढकलत बसतो? केवळ ताकदीवर महाविद्यालय गाजवलेल्या मुलाला एनएफएलमध्ये त्याच्याइतकेच ताकदवान गार्ड दर रविवारी भेटतात, आणि त्याच्याकडे दुसरे काही नसेल तर तो तिथेच संपतो. तिसरी गोष्ट म्हणजे त्याच्यावर दोन माणसे आली तेव्हा त्याचे काय होते. तो एक गुडघा टेकून दोघांनाही अडकवून ठेवत असेल, तर त्या चालीत त्याच्या नावावर काही नसले तरी मी तिला पूर्ण गुण देतो.

चौथी कसोटी दमसासाची आहे आणि तिच्यावर पहिल्या फेरीचा निर्णय अवलंबून असावा असे माझे मत आहे. अवाढव्य नोज टॅकल अनेकदा निम्म्याच चालींत मैदानावर असतो. जॉर्डन डेव्हिसने १५५ किलोच्या घरातल्या शरीराने ४० यार्ड ४.७८ सेकंदांत पार केले, जे पाहून सगळे थक्क झाले होते. तरी पहिली काही वर्षे पासच्या चालींत त्याला बाहेरच बसवले जात होते. फिलाडेल्फियाला ते परवडले, कारण शेजारी कॉक्स आणि नंतर कार्टर होता. ज्या संघाकडे एकच निवड आहे त्याला ते परवडत नाही. म्हणून मी सामन्याच्या शेवटच्या पाव भागातल्या, सलग दहा-बारा चालींच्या हल्ल्यातल्या चित्रफिती मागवून घेतो. आठव्या चालीला त्याची पाठ सरळ उभी राहू लागली, चेंडू दुसऱ्या बाजूला गेल्यावर तो चालत जाऊ लागला, तर तो दुसऱ्या फेरीतला खेळाडू आहे, त्याचे पोस्टर कितीही मोठे असो.

एज रशरच घ्यावा असे म्हणणाऱ्यांचा युक्तिवाद कच्चा नाही. बाजार त्यांच्या बाजूने आहे : २०२५ मध्ये माइल्स गॅरेटला वर्षाला ४ कोटी आणि मायका पार्सन्सला ४.७ कोटी डॉलर मिळाले, जे कोणत्याही टॅकलच्या पुष्कळ वर आहे. गॅरेटच्या तोडीचा एज आणि उत्तम टॅकल एकाच वेळी समोर असतील तर मीही एज घेईन. पण पहिल्या दहात अशी निवड क्वचितच करावी लागते. प्रत्यक्षात समोर असतात ते पहिल्या दर्जाचा टॅकल आणि दुसऱ्या दर्जाचा एज, आणि संघ जागेच्या प्रतिष्ठेपोटी दुसऱ्या दर्जाला उचलतात. शिवाय बाजार दुसऱ्या बाजूनेही बोलतो आहे. पूर्वी स्वस्तात मिळणाऱ्या गार्डना आता कॅरोलायनाच्या रॉबर्ट हंटसारखे पाच वर्षांचे १० कोटी आणि कॅन्सस सिटीच्या ट्रे स्मिथसारखे चार वर्षांचे ९.४ कोटी डॉलर मिळू लागले आहेत. आतून येणाऱ्या दाबाला आक्रमणाचे प्रशिक्षक किती घाबरतात, हे त्यांनी स्वतःच्या खिशातून सांगितले आहे.

ख्रिस जोन्स दुसऱ्या फेरीत ३७ वा, जीनो ॲटकिन्स चौथ्या फेरीत, आणि जॉन रँडल तर ड्राफ्टमध्ये निवडलाच गेला नव्हता, तरी तो हॉल ऑफ फेममध्ये आहे. मग थांबायला काय हरकत, असेही विचारले जाते. तीन दशकांतून अशी मोजकीच नावे निघतात. त्यांच्या भरवशावर नियोजन होत नाही.

विचारलेल्या संघासाठी माझा सल्ला असा. क्वार्टरबॅक असेल आणि वर सांगितलेल्या चारही कसोट्यांना उतरणारा टॅकल समोर असेल, तर ५ ते १५ या टप्प्यात त्याला निःसंकोच घ्यावे. एक-दोन पायऱ्या वर जायला चौथ्या-पाचव्या फेरीतल्या निवडी द्याव्या, पण पहिल्या फेरीतली दुसरी निवड देऊ नये. २००३ चे दोन्ही सौदे त्याच कारणाने जास्त दुखले. पहिल्या वर्षी त्याला सत्तर टक्के चाली खेळवण्याचा हट्ट धरू नये, आणि त्याच ड्राफ्टमध्ये तिसऱ्या फेरीपर्यंत त्याच्यासाठी एक जोडीदार शोधावा. नवोदिताच्या कराराचे नूतनीकरण तिसऱ्या हंगामानंतर करता येते आणि पाचव्या वर्षाच्या पर्यायाचा निर्णयही त्याच सुमारास, मे महिन्याच्या आरंभी, द्यावा लागतो. खेळाडू खरा निघाला असेल तर बोलणी त्याच उन्हाळ्यात पुरी करावीत, कारण चौथ्या हंगामानंतर ठरणारी किंमत त्या संघाच्या हाती राहत नाही.